कंडेम सूनबाई

बाळाचं डोकं बाहेर आलं आणि तिथेच थांबलं.

टेबलाच्या एका बाजूला इन्स्पेक्शन कमिटी उभी होती. दुसऱ्या बाजूला आमचे डीन, संस्थेचे चेअरमन नाना आणि त्यांच्या मागे इस्त्रीच्या एप्रनमधला सगळा स्टाफ. टेबलावरची बाई इंग्रजीत ओरडत होती. "ओ गॉड, इट हर्ट्स," असं ती पुन्हा पुन्हा म्हणत होती आणि तिच्या पोटातून जात्यात खडा आल्यासारखा कर्र कर्र आवाज येत होता.

घाबरू नका, बाई रबराची होती. बाळही रबराचं. याला बर्थिंग सिम्युलेटर म्हणतात. म्हणजे बाळंतपण शिकण्यासाठी केलेली, माणसाच्या मापाची बाहुली. तिच्या पोटात मोटर असते. टॅबवर बटण दाबलं की मोटर बाळाला खाली ढकलते, बाळ खऱ्यासारखं डोकं फिरवतं आणि बाहेर येतं. आमचं मात्र येत नव्हतं.

डीन माझ्या कानाशी आले. "मॅडम, बंद करा ना. बटण कुठंय?"

कमिटीतल्या बाईंनी ते ऐकलं. त्या माझ्यासारख्याच प्रसूतितज्ज्ञ होत्या, वयानेही माझ्याएवढ्याच. चष्म्यावरून डीनकडे बघत त्यांनी विचारलं, "सर, खऱ्या बाईचं बटण कुठे असतं?"

मी त्या कॉलेजात प्रसूतिशास्त्र विभागाची प्रमुख होते. सरकारी नोकरी पुरी करून, घरी बसवेना म्हणून खाजगी मेडिकल कॉलेजात रुजू झाले. कॉलेजचं नाव लिहीत नाही, अजून तिथून माझं रिलीव्हिंग लेटर यायचंय. हायवेला लागून आहे, मागे केळीच्या बागा आहेत आणि पुढे नानांचा पुतळा बसवण्यासाठी चौथरा तयार आहे, एवढं पुरे.

ही बाहुली मीच मागवायला लावली होती. कारण सांगते.

डॉक्टरांना बाळंतपण शिकवण्याचा इतिहास मोठा गमतीचा आहे. फार वर्षं डॉक्टर मंडळींनी हा विषय आपला मानलाच नाही. ते बायकांचं काम, सुईण बघून घेईल, असं म्हणून जन्मात एकही बाळंतपण न बघता माणूस डॉक्टर व्हायचा. पुढे विषय अभ्यासक्रमात आला, तोही मेडिसिन आणि सर्जरीच्या शेपटीला बांधून. मग प्रश्न आला, शिकायचं कशावर? सभ्य घरातली बाई तर विद्यार्थ्यांना दारातही उभं करेना. तेव्हा दोन वाटा निघाल्या. एक म्हणजे धर्मादाय दवाखान्यातली गरीब बाई, जिला नको म्हणायची सोय नव्हती. दुसरी म्हणजे बाहुली. परदेशात एक सुईण म्हणे कापडाची बाई आणि कापडाचं बाळ घेऊन गावोगाव शिकवत फिरली. पोटातून बाळ ढकलायचं, खाली शिकणारीने ते हातात घ्यायचं. ही दुसरी वाट मला कायम जास्त माणुसकीची वाटत आली आहे.

आमच्या परीक्षेत अजूनही त्या बाहुलीचा अवशेष शिल्लक आहे. तोंडी परीक्षेला टेबलावर माणसाच्या कमरेचं हाड ठेवतात आणि हातात एक बाहुलीचं बाळ देतात. विद्यार्थी ते बाळ हाडातून फिरवत बाहेर काढतो आणि तोंडाने रामरक्षेसारख्या पायऱ्या म्हणतो. म्हणणं नीट आलं की पास. बाळ वाटेत उलटं झालं तरी परीक्षक चहाच्या कपात बघत असतात.

त्यात आता नवी अडचण झाली होती. आमच्याकडे नॉर्मल डिलिव्हरी म्हणजे मोठी अपूर्वाई. सीझर करणारे पुष्कळ. एखादी बाई आपली आपण बाळंत होणार अशी बातमी आली की एमबीबीएसची मुलं, इंटर्न आणि नर्सिंगच्या मुली लेबर रूमकडे अशा धावायच्या, जणू तिथे भरीत-पुरीची पंगत बसली आहे. त्या बिचारीने डोळे उघडले की समोर सगळी वरात. मी निम्म्यांना हाकलायचे. हाकललेले तसेच न शिकता डॉक्टर व्हायचे.

त्यातली एक रोहिणी. पुण्याची मुलगी, आमच्याकडे इंटर्न. हुशार, पण गर्दीत कोपर मारून पुढे जाणं तिला जमायचं नाही. इंटर्नशिप संपत आली होती आणि साक्री तालुक्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात तिला मेडिकल ऑफिसरची नोकरी मिळाली होती. डोंगराकडचं गाव, एकटी डॉक्टर, मोठं हॉस्पिटल घाट उतरल्यावर. एक दिवस ती माझ्या केबिनमध्ये येऊन उभी राहिली आणि सरळ म्हणाली, "मॅडम, मला सगळं पाठ आहे. हाताला काहीच येत नाही. तिथे माझ्या हातून एखादं बाळ जाईल."

असं कबूल करायला हिंमत लागते. माझ्या विभागातल्या दोन असोसिएट प्रोफेसरांना ती नव्हती. मी त्याच दिवशी नानांकडे गेले.

नाना मूळचे धुळे जिल्ह्यातले शेतकरी. केळीच्या व्यापारात वर आले, मग शिक्षणाच्या. माणूस दिलदार, पण कुठल्याही वस्तूबद्दल त्यांचा पहिला प्रश्न, "इन्स्पेक्शनला दिसेल का?" दिसेल म्हटलं. माणसाच्या मापाची आहे, ओरडते, डोळे मिचकावते. नाना खूश झाले. बाहुली आली.

आली ती थेट सत्काराला. पोर्चमध्ये मांडव, सनई, वर्तमानपत्रवाले. नानांनी भाषणात तिला 'आपल्या कॉलेजची सूनबाई' म्हटलं आणि त्या क्षणापासून तिचं कंपनीने ठेवलेलं नाव पुसलं गेलं. फीत कापली गेली. सूनबाईला आत न्यायचं, तोच नानांच्या पत्नी अक्का पुढे झाल्या. अक्का म्हणजे साधी बाई, नऊवारीतली, संस्थेच्या ट्रस्टी असूनही सहीपलीकडे त्यांना कुणी काही विचारत नसे. त्यांनी बाहुलीच्या पोटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"डॉक्टरीणबाई, हाई गरवार शे ना? हिनी ओटी भराविना हिले कपाटमां कोंडतस का?"

मी म्हटलं, "अक्का, ती रबराची आहे."

"रबरनी का व्हयेना, दारशी उनी ना?"

दारात आलेली पोटुशी बाई रिकाम्या ओटीने आत घ्यायची नाही, यावर मांडवातल्या सगळ्या बायकांचं एकमत झालं. नर्सिंगच्या मेट्रनसुद्धा फिरल्या. सूनबाईला हिरवी साडी गुंडाळली. अक्कांनी ओंजळीओंजळीने तांदूळ घातले, नारळ, सुपारी, खारीक, हळकुंड. मागून नर्सिंगच्या मुलींनी रांग लावली. फोटो निघाले. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात अक्कांचा आणि सूनबाईचा चार कॉलमी फोटो आला, खाली कॉलेजची जाहिरात. मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. खरं सांगायचं तर छानच वाटलं. आमच्या वॉर्डातल्या जिवंत बायांना एवढ्या प्रेमाने कुणी विचारत नव्हतं.

ओटी उतरवली आणि सूनबाई स्किल लॅबमध्ये काचेच्या कपाटात गेली. किल्ली स्टोअरच्या पाटील भाऊंकडे.

दुसऱ्या दिवशी मी रोहिणीला आणि बाकीच्या इंटर्नना घेऊन लॅबमध्ये गेले. कपाट बंद. पाटील भाऊंकडे माणूस पाठवला. ते स्वतःच आले, कारण असली वाईट बातमी ते निरोपाने देत नसत.

"मॅडम, सूनबाई डेड स्टॉकला चढली."

डेड स्टॉक म्हणजे संस्थेची न संपणारी मालमत्ता. खुर्ची, टेबल, मायक्रोस्कोप. कापूस संपतो, त्याचं कुणी विचारत नाही. खुर्ची मोडली तर ती कुणाच्या अंगाखाली मोडली, याची चौकशी होते. त्यामुळे आमच्याकडे नियम असा की डेड स्टॉकची वस्तू वापरायची नाही, म्हणजे मोडणार नाही.

मी डीनकडे गेले. डीन सभ्य गृहस्थ, दुसऱ्या राज्यातून रिटायर होऊन आलेले, स्वतःच्या सावलीचीही परवानगी घेणारे. त्यांचं म्हणणं, इन्स्पेक्शनपर्यंत हात लावायचा नाही. मी म्हटलं, सर, इन्स्पेक्शन कधी ते कुणालाच माहीत नाही आणि मुलं पुढच्या महिन्यात जाणार. ते म्हणाले, मग पुढच्या बॅचला शिकवा. मी म्हटलं, पुढच्या बॅचच्या वेळी पुढचं इन्स्पेक्शन असेल. त्यावर त्यांनी मला पाणी दिलं आणि एक जबाबदारीही दिली: बाळंतपण शिकवण्याच्या इतिहासावर प्रदर्शन लावायचं.

रागारागात का होईना, मी मनापासून लिहिलं. सुईणी, कापडाची बाई, धर्मादाय दवाखान्यातल्या बायका, सगळं. फ्लेक्स छापून आला तेव्हा त्यावर पहिला फोटो एका दाढीवाल्या ऋषींचा होता, दुसरा हातात चिमटा धरलेल्या गोऱ्या साहेबाचा आणि तिसरा नानांचा, सूनबाईसोबत. मधला मजकूर जागेअभावी गाळला होता. बाळंतपणाच्या त्या इतिहासात बाळंत होणारी एकही बाई नव्हती, रबराची सोडून.

तर अशा तयारीने कमिटी आली आणि पुढचं तुम्हाला माहीतच आहे. कपाट उघडलं, बटण दाबलं, डोकं आलं, खांदे अडकले.

आता यातली अडचण समजून घ्या. बाळाचं डोकं बाहेर आणि खांदा आईच्या पुढच्या हाडामागे अडकलेला, असं खरोखर होतं. नेहमी नाही, पण झालं तर हाताशी मिनिटं मोजकी असतात. अशा वेळी नवशिक्या माणसाचे हात एकच गोष्ट करतात. डोकं धरून ओढतात. तेच करायचं नसतं. ओढलं की मानेतल्या नसा तुटतात आणि बाळाचा हात जन्मभर लुळा पडतो.

मी पुढे सरसावले, तर कमिटीतल्या बाईंनी मला अडवलं. "तुम्ही नको. विद्यार्थ्यांपैकी कोण?"

विद्यार्थी जमिनीकडे बघायला लागले. त्यांच्या पुढचे असिस्टंट प्रोफेसरही. पुढे आली रोहिणी. हातमोजे घातले, बाळाचं डोकं दोन्ही हातांत धरलं आणि ओढलं.

"सोड," बाई म्हणाल्या. आवाज चढवला नाही. "या बाळाचा उजवा हात गेला. उत्तर माहीत होतं तुला?"

"हो, मॅडम."

"मग?"

रोहिणीने हातमोजे काढून ट्रेमध्ये ठेवले. माझा संताप संताप झाला, आणि तो तिच्यावर नव्हता.

डीननी प्रसंगावधान राखून जाहीर केलं की हे अडणं मुद्दामच प्रोग्राम केलेलं होतं, विद्यार्थ्यांची कसोटी बघायला. बाकीचे दोन सदस्य म्हणाले, वा, फार रिअलिस्टिक. मग सगळे भरीत, पुरी आणि केळीच्या शिकरणीकडे वळले. आमच्या विद्यार्थ्यांच्या जागा मंजूर झाल्या. त्या बाई जेवल्या नाहीत एवढंच.

कंपनीचा इंजिनियर मुंबईहून आला. त्याने पोटाचं कव्हर काढलं, आत टॉर्च मारला आणि बराच वेळ बघत राहिला. मग चिमट्याने एकेक वस्तू काढून ट्रेमध्ये ठेवू लागला. तांदूळ, तांदूळ, अर्धी सुपारी, एक हळकुंड.

"मॅडम," त्याने अतिशय गंभीरपणे विचारलं, "पेशंट ने खाया क्या था?"

मोटर जळली होती. नवी परदेशातून मागवावी लागणार आणि ती वॉरंटीत बसणार नव्हती, कारण बिघाड वापरणाऱ्याच्या चुकीने झाला होता. तसं तो रिपोर्टमध्ये लिहिणार होता. कारणासह.

डीनचा चेहरा पडला. डेड स्टॉकची वस्तू मोडली म्हणजे चौकशी समिती आली. समिती विचारणार, तांदूळ कुणी घातले? आणि त्याचा पुरावा चार कॉलमी फोटोसकट जिल्ह्यातल्या घराघरात पोचलेला.

मला तिथे पहिल्यांदा बरं वाटलं. मी सरळ नानांच्या बंगल्यावर गेले. अक्का तिथेच होत्या. मी चौकशीचा नियम समजावून सांगितला, फार सावकाश आणि फार आदराने. म्हटलं, नाना, नियम नियमच असतो, समितीला अक्कांचा जबाब घ्यावा लागेल. अर्थात दुसरा एक मार्ग आहे. मशीन निरुपयोगी म्हणून कंडेम करायचं. कंडेम वस्तूची चौकशी होत नाही, तिला फक्त नजरेआड करतात. लेबर रूमच्या मागे माझ्याकडे एक रिकामी खोली आहे.

नानांनी अक्कांकडे पाहिलं. अक्का पदराशी चाळा करत होत्या. व्यापारी माणूस, सौदा त्यांना लगेच कळला.

"लई जा तिले, डॉक्टरीणबाई," ते म्हणाले. "पन कोनले दखाडू नका."

त्याच आठवड्यात सूनबाई माझ्या ताब्यात आली. मोटर काढून टाकली. पोटाच्या जागी आता नुसतं भोक होतं. मागे चादरीचा पडदा बांधला, पडद्याआड एका मुलाला स्टुलावर बसवलं आणि सांगितलं, तू मोटर. हाताने बाळ ढकल. बघता बघता गंमत लक्षात आली. मोटर एकाच तऱ्हेने ढकलायची. हा पोऱ्या हवं तेव्हा अडवायचा, हवं तेव्हा खांदा फिरवायचा, समोरच्याने मान ओढली तर आतून ओरडायचा, "मारलं बाळाला." जगातलं अद्ययावत यंत्र शेवटी त्या जुन्या सुईणीच्या कापडी बाहुलीवर येऊन थांबलं होतं आणि कामाला लागलं होतं.

रोज दुपारी ओपीडी संपली की मुलं जमायची. आधी पाय गुडघ्यात दुमडून पोटाशी, दोन्ही बाजूंनी दोघांनी धरायचे. मग एकाने ओटीपोटाच्या खाली, हाडाच्या वर तळव्याने दाबायचं. नाहीच सुटलं तर हात आत घालून बाळाचा मागचा हात हळूच बाहेर काढायचा. मान ओढायची नाही. रोहिणी सगळ्यात आधी यायची आणि सगळ्यात शेवटी जायची. पहिले काही दिवस तिचे हात मानेकडेच जायचे. मग थांबायला लागले.

एके दुपारी दारात अक्का. मी म्हटलं, आता झाली पंचाईत. पण त्या आत आल्या, सूनबाईच्या कपाळावरचं पुसट कुंकू नीट केलं आणि थोडा वेळ बघत उभ्या राहिल्या.

"हाई आते वरडत नही का?"

म्हटलं, नाही, आवाजाची पेटीपण जळाली.

अक्कांनी पडद्याआडच्या मुलाला उठवलं, स्वतः स्टुलावर बसल्या आणि पदर खोचला. पुढच्या क्षणी त्या खोलीत असा टाहो फुटला की लेबर रूममधली सिस्टर धावत आली.

"माय वं, मी मरी जासू! हात नको लावू माले. तू तं पोर शे वं, मोठा डॉक्टरले बलाव."

रोहिणी गोंधळली. हात चालत होते, तोंड बंद. अक्कांनी बाळ आतून घट्ट धरून ठेवलं आणि पडद्यावरून डोकं काढून तिला झापलं. डॉक्टर गप्प बसली की बाई घाबरते, घाबरली की पाय आवळते, मग बाळ निघेल कुठून? बोल. रोहिणी पुस्तकी मराठीत म्हणाली, "आपण कृपया पाय वर घ्या." अक्का म्हणाल्या, असं बोललीस तर साक्रीकडची बाई तुला तलाठी समजेल.

त्या पुढे अधूनमधून येत राहिल्या. नानांना सांगायच्या, देवळात जाते. मुलं त्यांना घाबरायची आणि त्यांच्या येण्याची वाटही बघायची. मला वाटतं, एवढ्या वर्षांत ट्रस्टी म्हणून पहिल्यांदाच त्यांना काही काम मिळालं होतं.

रोहिणी रुजू झाली. मधे फोन नाही. मग एका दुपारी मी जेवायला बसले होते आणि तिचा फोन आला.

त्या दिवशी गावचा आठवडे बाजार होता. बाजाराला आलेल्या बाईला तिथेच कळा लागल्या आणि तिला जीपमध्ये घालून केंद्रावर आणलं. डोकं आलं, खांदा अडला. ॲम्ब्युलन्स दुसऱ्या पेशंटला घेऊन धुळ्याला गेलेली. बाई टाहो फोडत होती आणि मोठ्या डॉक्टरला बोलवायला सांगत होती.

"मग तू काय केलंस?" मी विचारलं.

"तिच्या सासूला एक पाय धरायला दिला, सिस्टरला दुसरा. आणि म्हटलं, माय, जोर नको लावू आते, मी शे ना. वर दाबून सुटलं नाही, मॅडम. मग मागचा हात काढला."

"मान?"

"हातच लावला नाही ओढायला."

मी पुढचं विचारलं नाही. मला भीती वाटत होती. तीच म्हणाली, "मुलगी आहे. जरा उशिराने रडली. आता दोन्ही हात हलवतेय. मी मघापासून तेच बघत बसले आहे."

मी जेवण तसंच टाकून अक्कांना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या की नानांना यातलं काही सांगू नका, नाहीतर ते त्या बाहुलीला परत कपाटात ठेवतील.

सांगितलं नाही. यथावकाश कॉलेजने नवी बाहुली आणली, आधीच्यापेक्षा महागाची. ती हिंदीतही ओरडते म्हणतात. कुणी ऐकलेलं नाही, कारण तिची किल्ली पाटील भाऊंकडे आहे.

इतक्या वर्षांच्या शिकवण्यातून मला एवढंच कळलं. आपल्याकडे एखादी वस्तू मुलांच्या हाती पडावी असं वाटत असेल, तर आधी तिला कागदोपत्री मारावं लागतं. चांगल्या स्थितीत असेपर्यंत ती संस्थेची असते.